कोयनेच्या खोऱ्यांतील सायकलीच्या वाटा

सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून कोयना नदीची रेघ बोटानें गिरवून पाहावी. महाबळेश्वरीं ज्या देवळांत कृष्णा, वेण्णा, सावित्री व गायत्री यांचे उगम दाखवितात, त्याच ठिकाणीं कोयनेचाही उगम मानतात. तेथून सुमारे ६५ किलोमीटर ती दक्षिणेस, सह्याद्रीच्या मुख्य कण्याला खांदा लावून वाहते. हेळवाकजवळ ती एकाएकीं काटकोनांत वळते आणि पूर्वेस पाटणावरून कऱ्हाडास येऊन कृष्णेस मिळते. सुताराचा गुण्या टेबलावर ठेवावा, तशी ही आकृति दिसते. गुण्याची उभी भुजा म्हणजे वरचें खोरें, आडवी भुजा म्हणजे खालचें. पाणी दोहोंत एकच. परंतु सायकलीवर बसून जाणाऱ्यास या दोन भुजांचा अनुभव अगदीं निराळा येतो. तो कां, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं हिवाळ्याच्या सुटींत या खोऱ्यांतून सायकलीनें फिरून येण्याचा बेत केला असून, रस्ता कोणता धरावा, असा त्यांचा साधा प्रश्न आहे. खालच्या खोऱ्यापुरतें उत्तरही साधेंच आहे. तेथें नदी आणि रस्ता जोडीनें चालतात. वरच्या खोऱ्यांत मात्र नदीकांठची वाट साठ वर्षांपूर्वीं धरणाच्या पाण्याखालीं गेली, आणि वाटेबरोबर गांवेंही गेलीं. हें ठाऊक नसतां जो तेथें जाईल त्यास एक विस्तीर्ण व सुंदर तलाव दिसेल, आणि तेवढेंच दिसेल.

नदीकांठची वाट सायकलीस सोयीची कां, हें आधीं समजून घेऊं. पाणी उताराकडे धांवतें आणि धांवतां धांवतां वाटेंतील उंचवटे झिजवितें. लक्षावधि वर्षें हा उद्योग चालला म्हणजे नदीच्या तळाचा उतार सौम्य होत जातो, आणि तिच्या दोन्ही कांठांस गाळाच्या सपाट पट्ट्या तयार होतात. माणसानें बैलगाडीचा रस्ता काढला तो बहुधा अशाच पट्टीवरून काढला, आणि डांबरी सडकही पुढें त्याच गाडीवाटेवर पडली. सायकलस्वार या साऱ्याचा आयता वारस असतो. चढ मोजण्याची रीत तुम्हांस भूगोलाच्या तासाला सांगितलेलीच आहे: शंभर मीटर पुढें जातांना रस्ता पांच मीटर उंच झाला, तर तो शेंकडा ५ चढ. शेंकडा १ चढ डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु पोटऱ्यांस कळतो. शेंकडा ३ ला बोलणें बंद होतें. शेंकडा ८ चा चढ लांबवर असेल, तर बिनगिअरच्या सायकलवाल्यानें निमूटपणें खालीं उतरून सायकल हातीं धरावी हें बरें.

युरोपांत डॅन्यूब नदीच्या कांठानें जर्मनींतील पासाऊपासून ऑस्ट्रियांतील व्हिएन्नापर्यंत तीनशेंहून अधिक किलोमीटर लांबीची सायकलवाट आहे आणि वृद्ध माणसें व लहान मुलें देखील तीवरून प्रवास करितात. या वाटेचा बराचसा भाग मुळांत घोड्यांची वाट होती. प्रवाहाविरुद्ध नावा न्यावयाच्या तर कांठावरून घोडे दोरानें त्या ओढीत. त्यासाठीं कांठ साफ व सपाट ठेवावा लागे. पुढें वाफेचीं जहाजें आलीं, घोडे गेले, वाट तेवढी राहिली. आपल्याकडे अशी वाट कां नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. कारण उघड आहे. कोयनेसारखी नदी पावसाळ्यांत दगडधोंडे वाहून नेणारी, आणि पूर्वीं उन्हाळ्यांत डोहांपुरती उरणारी. तिच्यांतून कोणी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढल्या नाहींत. तेव्हां येथील माणसानें कांठावर घोड्याची वाट केली नाहीं. बैलाची केली, आणि ती नदीपासून जरा दूर, पुराच्या पाण्याच्या वर केली.

आतां खालच्या भुजेकडे वळूं. आरंभ कऱ्हाडाहून करावा. रेल्वेनें येणाऱ्यास उतरावयाचें तें ओगलेवाडीजवळ. तुमच्या पणजोबांनीं ज्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडांत अभ्यास केला असेल, तो कंदील याच ओगलेवाडीच्या कारखान्यांतला. गांवांत आल्यावर प्रीतिसंगम अवश्य पाहावा. कृष्णा व कोयना येथें जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेस वळतात. असा संगम क्वचित् आढळतो. यशवंतराव चव्हाण यांची समाधि येथेंच आहे. दक्षिणेस आगाशिवाच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. कोंकणांत उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशीं इतकीं लेणीं खोदलेलीं पाहिलीं म्हणजे ही वाट आजची नव्हे, हें सांगावें लागत नाहीं.

कऱ्हाड ते पाटण हें अंतर सुमारें ३८ किलोमीटर, आणि पाटणाहून कोयनानगर सुमारें २०. कऱ्हाड समुद्रसपाटीपासून अदमासें ५६० मीटर उंच आहे, आणि धरणाखालचें नदीचें पात्र त्याहून इतकें थोडें उंच आहे कीं, सारा उतार हजारास एक देखील भरत नाहीं. अर्थात् रस्ता हा पात्रांतून जात नसून कांठावरून जातो. त्यास ओढे ओलांडावे लागतात, डोंगराच्या सोंडांस वळसे घालावे लागतात, म्हणून लहान लहान चढउतार आहेतच. तरी नवव्या-दहाव्या इयत्तेंतील निरोगी मुलास ही वाट एका दिवसांत, मध्यें पाटणास जेवून, सहज होण्यासारखी आहे. मात्र हा मोठ्या वाहतुकीचा मार्ग आहे. ट्रक व एस. टी. यांस रस्ता देऊन, एकामागें एक, डाव्या कडेनेंच चालावें. दोघांनीं शेजारीं शेजारीं गप्पा मारीत जाण्याची ही जागा नव्हे.

या वाटेवर पाहावयाचें काय, तर पाऊस. हिवाळ्यांत पाऊस कसा दिसेल, असें कोणी विचारील. पाऊस शेतांत दिसतो. कऱ्हाडास वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरांच्या आसपास. महाबळेश्वरास साडेपांच हजारांच्याही वर. आणि कोयनानगराकडे जाल तसतसा तो झपाट्यानें वाढत जातो. म्हणून कऱ्हाडच्या बाजूस काळ्या जमिनींत ऊस व ज्वारी, पाटणाच्या अलीकडे-पलीकडे भुईमूग व सोयाबीन, आणि पुढें भाताचीं खाचरें व डोंगरउतारावर नाचणी, असा पिकांचा क्रम लागतो. घरांच्या छपरांचा उतारही पश्चिमेस जातां जातां वाढलेला आढळेल. मग शेतें आखडतात, झाडी खालीं उतरूं लागते, आणि ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट राई रस्त्यास येऊन भिडते. वर्गांत पावसाच्या नकाशावर ज्या निळ्या छटा आपण रंगवितों, त्या एकामागून एक चाकाखालून जातात. सायकलीचा वेग या निरीक्षणास नेमका योग्य आहे. मोटारींत बसलेल्यास हा बदल तासाभरांत उरकतो व ध्यानांत येत नाहीं. पायीं चालणाऱ्यास तो इतका सावकाश येतो कीं, काल काय पाहिलें याचा विसर पडतो.

पाटण हें केरा व कोयना यांच्या संगमावर वसलें आहे. वर दातेगड ऊर्फ सुंदरगड. तेथील खडकांत तरवारीच्या आकाराची विहीर कोरलेली आहे, ती पाहण्यास अर्धा दिवस राखून ठेवावा. पाटणच्या उत्तरेस वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, आणि तेथून चाळकेवाडी व ठोसेघर या बाजूनें साताऱ्यास जाणारा पठारी रस्ताही आहे. परंतु त्या उघड्या पठारावर वारा समोरून आला तर सपाटीही घाटासारखी वाटते. पवनचक्क्या तेथें उगाच उभारलेल्या नाहींत.

कोयनानगराचें धरण १९६४ सालीं पुरें झालें. उंची १०३ मीटर, साठा सुमारें १०५ अब्ज घनफूट. त्यामागें पसरलेल्या जलाशयास शिवसागर म्हणतात, आणि तो सुमारें ५० किलोमीटर लांब आहे. ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, लोक झोपेंत असतां, येथें मोठा भूकंप झाला. सुमारें १८० माणसें मरण पावलीं, दोन हजारांहून अधिक जखमी झालीं, आणि कोयनानगरांतील बहुतेक घरें पडलीं. धरणास तडे गेले, पण तें उभें राहिलें. नंतर तें मजबूत करण्यांत आलें. जलाशयाच्या पाण्याच्या दाबामुळें व तें खडकांच्या भेगांत मुरल्यामुळें भूकंपास चालना मिळते, या गोष्टीचें जगांतील सर्वांत मोठें उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ कोयनेचा भूकंप सांगतात. त्याचा अभ्यास अजून चालू आहे. कऱ्हाडाजवळ हजारमाची येथें केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा याच कामासाठीं आहे, आणि तिच्या वतीनें गोठणें गांवीं २०१६–१७ मध्यें ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यांत आलें. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांनीं कोयनानगरास पोंचल्यावर नुसतें धरणाचें छायाचित्र काढून परतूं नये. त्या पहाटेच्या आठवणी सांगणारीं म्हातारीं माणसें तेथें अजून आहेत. त्यांच्याजवळ बसावें.

हेळवाकापाशीं आपण गुण्याच्या कोपऱ्यावर येतों. येथून पश्चिमेस सह्याद्रीची धार अगदीं जवळ आहे, आणि धारेपलीकडे कोंकण एकदम पांचशें मीटर खालीं आहे. नदीस जर ही धार फोडतां आली असती, तर ती पूर्वेस न येतां चिपळूणच्या खाडीस मिळाली असती. तिला तें साधलें नाहीं, म्हणून ती वळली. माणसानें मात्र तें साधलें. शिवसागराचें पाणी डोंगराच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेस नेऊन पोफळी येथील भूमिगत विद्युद्गृहांत पाडतात. खालीं कोळकेवाडी, अलोरें असे आणखी टप्पे आहेत. धरणाच्या पायथ्याचें विद्युद्गृह धरून साऱ्या प्रकल्पाची शक्ति सुमारें १,९६० मेगावॅट आहे. वापरलेलें पाणी वाशिष्ठी नदींतून समुद्रास जातें. हें पाणी मूळचें कृष्णेच्या खोऱ्यांतलें. तेव्हां पूर्वेकडील शेतकऱ्याचा त्यावर हक्क आहेच, आणि म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादानें पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यास वर्षाकांठीं ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. तुमच्या घरांतील दिवा व कऱ्हाडकडील उसाचा मळा यांचें भांडण या एका वळणावर आहे, असें म्हटलें तरी चालेल.

ज्यांस कोंकणांत उतरावयाचें असेल त्यांनीं कुंभार्ली घाट धरावा. कऱ्हाडापासून चिपळूण एकंदर सुमारें १०० किलोमीटर पडतें. घाटाच्या माथ्यावर क्षणभर थांबून ब्रेक तपासावे. उतरतांना ब्रेक सारखे दाबून धरूं नयेत. रिम तापते आणि रबर घासून जातें. मागचा व पुढचा आळीपाळीनें, थोडा थोडा दाबावा. वळणाच्या आधीं वेग कमी करावा, वळणावर नव्हे. पहांटे उजाडतांच उतरल्यास ट्रकांचा त्रास कमी. हें सारें नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांपुरतें. पावसाळ्यांत या खोऱ्याची शोभा वर्णन करण्यापलीकडची असते हें खरें, आणि ओझर्ड्याचा धबधबा पाहण्यास लोक तेव्हांच लोटतात हेंही खरें. तथापि मुलांच्या तुकडीनें तेव्हां सायकली घेऊन येथें जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. जुलै २०२१ मध्यें पाटण तालुक्यांतील आंबेघर, मिरगांव व ढोकावळें येथें दरडी कोसळून माणसें घरांसकट गाडलीं गेलीं, आणि त्याच दोन दिवसांत खालीं चिपळूण शहर पाण्यांत बुडालें. डोंगर तेव्हां वाट पाहून कोसळत नाहीं.

येथवरचें सारें सोपें होतें. आतां उभी भुजा.

हेळवाकापासून वर, नदीच्या कडेकडेनें तापोळ्यापर्यंत सायकल नेतां येईल काय? नाहीं. १९६१ च्या सुमारास पाणी अडूं लागलें, आणि खोऱ्याचा सपाट तळ, म्हणजेच नदीनें जी वाट कोरून ठेवली होती ती, पाण्याखालीं गेली. जुन्या नकाशावर जेथें कांठाकांठानें गांवें व त्यांस जोडणाऱ्या पाऊलवाटा होत्या, तेथें नव्या नकाशावर निळा रंग आहे. सुमारें शंभर गांवांस या धरणाची झळ लागली. नदीकांठची गाळाची जमीन, भाताचीं खाचरें, देवळें व पार, सारें गेलें. कांहीं कुटुंबें डोंगर चढून त्याच खोऱ्याच्या माथ्याकडे सरकलीं. पुष्कळांस सोलापूर, सांगली, रायगड, रत्नागिरी अशा दूरच्या जिल्ह्यांत पाठविण्यांत आलें. सहा हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखांत भात लावणाऱ्यानें एकदम सोलापुरकडील कोरडवाहू रानांत ज्वारी पेरावी, हें सांगणें सोपें आहे. प्रकल्पामुळें उठलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा आपल्या राज्यांत १९७६ सालीं झाला. कोयनेचीं माणसें त्याच्या पंधरा वर्षें आधींच उठलीं होतीं. त्यांच्या नातवंडांनीं जमिनीच्या व दाखल्यांच्या मागणीसाठीं अलीकडच्या वर्षांतही कोयनानगरास धरणें धरलीं आहेत. तुम्हांपैकीं कोणाच्या आजोळचें मूळ गांव या पाण्याखालीं असेल, तर घरीं त्याचें नांव विचारून ठेवावें व प्रवासांत नकाशावर त्याची जागा शोधावी.

मुद्दा असा कीं, वरच्या खोऱ्यांत सायकलस्वारास नदीची मदत मिळत नाहीं. तेथें डोंगराच्या धारेवरून उतरावयाचें, पाणी लाँचमधून ओलांडावयाचें, आणि पलीकडची धार चढावयाची. या वाटेस दोन दिवस ठेवावे.

पहिल्या दिवशीं महाबळेश्वराहून तापोळें. महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटर उंच आहे. जलाशय पूर्ण भरला असतां पाण्याची पातळी सुमारें ६६० मीटर. म्हणजे २५–३० किलोमीटरांत ६९० मीटर उतरावयाचें. सरासरी काढली तर शेंकडा अडीचच भरते. पण सरासरीवर कधीं विश्वासूं नये. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर समोच्च रेषा पाहा; जेथें त्या एकमेकींस चिकटून आहेत तेथें उतार पुष्कळ आहे, जेथें विरळ आहेत तेथें रस्ता जवळजवळ सपाट आहे, आणि दोहोंच्या मिश्रणानें अडीच झालें आहे. हे नकाशे २०१७ पासून सरकारच्या संकेतस्थळावरून विनामूल्य घेतां येतात. प्रत्येक तुकडीनें आपल्या वाटेचा छेद कागदावर काढून बरोबर ठेवावा, म्हणजे पुढल्या वळणापलीकडे काय आहे या चिंतेनें दमावें लागणार नाहीं.

तापोळ्याच्या परिसरांत सोळशी व कांदाटी या उपनद्यांचीं खोरीं कोयनेस मिळतात, म्हणून पाणी तीन बोटांसारखें डोंगरांत शिरलें आहे. पाण्याच्या पश्चिमेस जी झाडी दिसते तें कोयना अभयारण्य. तें १९८५ सालीं जाहीर झालें, त्याचें क्षेत्र ४२३ चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक आहे. २०१० पासून तें चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादींत त्याचा समावेश झाला. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या हीं येथील जनावरें. सायकलस्वारास त्यांतील एखादें दिसेलच असें नाहीं, आणि गवा रस्त्यावर दिसल्यास जागींच थांबून त्यास वाट द्यावी. शेकरू मात्र बहुधा दिसतें. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उडी घेणारी, तांबूस पाठीची ही मोठी खार आपल्या राज्याचा मानचिन्ह-प्राणी आहे. झाडांखालीं जी कारवी माजलेली असते ती सात वर्षांनीं एकदांच फुलते, आणि फुलून बीं धरल्यावर मरते. अभयारण्यांत सायकल घालूं नये. वासोट्यास जावयाचें तें बामणोलीस वनखात्याची परवानगी घेऊन, लाँचनें व पुढें पायींच जावें, आणि सूर्यास्तापूर्वीं परत यावें. पावसाळ्यांत तो मार्ग बंद असतो.

या पाण्याच्या पश्चिमेकडील कांदाटी खोऱ्यांत अजून कांहीं लहान गांवें आहेत. पूर्वीं नदी ओलांडून पायीं जातां येत असे. आतां मध्यें जलाशय आहे, आणि दवाखाना, बाजार, शाळा, सारें लाँचवर किंवा होडीवर अवलंबून आहे. खिरखंडी या वाडीच्या मुली स्वतः वल्हें मारीत होडीनें जलाशय ओलांडून, पुढें जंगलांतून चालत अंधारी गांवच्या शाळेस जात असत. वर्तमानपत्रांत ही हकीकत वाचून जानेवारी २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन त्याची दखल घेतली व सरकारास विचारणा केली. तुम्ही दोन दिवस हौसेनें जें पाणी ओलांडणार, तें ओलांडल्यावांचून या मुलींस फळ्यासमोर बसतां येत नव्हतें.

तापोळ्याहून बामणोलीस जातांना सायकली लाँचवर घ्यावयाच्या, तेव्हां लाँचवाल्या काकांशीं आधींच बोलून ठेवावें. ऐनवेळीं पंधरा सायकली घेऊन कांठावर उभें राहूं नये. पॅडलें व आरसे सोडविलेले असले तर जागा कमी लागते. सायकली कठड्यास दोरीनें बांधाव्या. उन्हाळ्याकडे पाणी ओसरतें तेव्हां धक्का बदलतो, आणि सायकल खांद्यावर घेऊन बरेंच अंतर मातींतून चालावें लागतें. त्या उघड्या पडलेल्या कांठावर कधीं एखादी बांधाची ओळ दिसते. तो बांध कोणीतरी रचलेला आहे.

दुसऱ्या दिवशीं बामणोलीहून कास पठारावर चढावयाचें व साताऱ्यास उतरावयाचें. अंतर चाळीस किलोमीटरांच्या आंत आहे, परंतु आरंभीच सुमारें ४५० मीटर उंची मिळवावी लागते. हिशेब करून पाहा. मुलगा, सायकल व सामान मिळून ८० किलोग्रॅम धरलें, तर ४५० मीटर उचलण्यास सुमारें साडेतीन लाख जूल, म्हणजे ८४ किलोकॅलरी काम होतें. परंतु आपलें शरीर खाल्लेल्या अन्नापैकीं चतुर्थांशच काम म्हणून परत देतें, बाकीची उष्णता होऊन घामांत जाते. तेव्हां सुमारें ३४० किलोकॅलरी नुसत्या चढास लागल्या. वारा व चाकांचें घर्षण निराळें. एवढें एका मोठ्या भाकरींत व थोड्या गुळशेंगदाण्यांत मिळतें. म्हणून पालकांस विनंति कीं, मुलांबरोबर बिस्किटांचे पुडे देण्यापेक्षां शेंगदाण्याची चिक्की, गूळ, दशम्या व दोन लिटर पाणी द्यावें. मुलांनीं स्वतः एक जादा ट्यूब, पंप, पंक्चरचें सामान, चेनचें तेल, शिटी, लोकरीचें कानटोपडें व हेल्मेट घ्यावें. खोऱ्याच्या तळाशीं हिवाळ्यांत पहांटेची थंडी महाबळेश्वराहूनही बोंचते, कारण रात्रीं गार व जड हवा उतारावरून खालीं येऊन सांचते.

कासची फुलें ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत; हिवाळ्यांत जाणाऱ्यास तीं मिळणार नाहींत. त्याऐवजीं पिवळें पडलेलें गवत व काळा, छिद्राछिद्रांचा जांभा दगड दिसेल. या उघड्या दगडावर मातीचा थर इंच-दोन इंचच असतो, आणि त्या लहानशा फुलांचें बीं त्यांतच पडून राहिलेलें असतें. कुंपण असो वा नसो, सायकल डांबरावरून खालीं घालूं नये. जवळचा कास तलाव सातारा शहरास पाणी देतो.

बामणोलीकडून चढतांना दम खाण्यासाठीं जेथें थांबाल तेथें मागें वळून पाहावें. खालीं शिवसागराचें पाणी दोन डोंगरांमध्यें वांकड्या पट्टीसारखें पसरलेलें दिसतें. ती पट्टी जशी वळते, तशीच जुनी कोयना वळत होती. धरणाजवळ ती या पाण्याखालीं सुमारें ऐंशी मीटर आहे, इकडे वरच्या टोंकास त्याहून कमी. कासहून साताऱ्यापर्यंतचे २५ किलोमीटर बहुतेक पठार व शेवटीं यवतेश्वराचा उतार आहे. तो घाट उतरावयाच्या आधीं पुन्हां एकदां ब्रेक पाहून घ्यावे.